जाऊबाईंची रास, माझा बुरूज

आमच्या गावाच्या पाठीशी जो गड आहे, त्याची माहिती मला माझ्या मोठ्या जाऊबाईंपेक्षा जास्त आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. अडचण एवढीच की मला ते कोणी विचारत नाही. ज्याला गडाविषयी काही हवं असतं तो आमच्याच अंगणात येतो, माझ्या खुर्चीला वळसा घालतो आणि ओसरीवर धान्य निवडत बसलेल्या जाऊबाईंपुढे जाऊन मांडी घालतो.

गड म्हणजे फार मोठं काही समजू नका. मुकुटबनच्या रस्त्याने येताना डाव्या हाताला, कपाशीच्या वावरांपलीकडे एक लांबट टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर काळ्या दगडांची पडकी भिंत आहे, दरवाजाची एक कमान अजून उभी आहे, एक कोरडं टाकं आहे, आणि मधोमध देवीची मढी. मढी म्हणजे एका खोलीचं देऊळ, आत वाकूनच जावं लागतं. गड कोणी बांधला ते नक्की ठाऊक नाही. गोंड राजाचा, असं सगळे म्हणतात, आणि या मुलखात तसं म्हणायला कारणही आहे. मोडला कोणी, यावर मात्र तीन चहा होईपर्यंत वाद चालतो. देवीला आम्ही गडमाय म्हणतो. चैत्री पौर्णिमेला तिची यात्रा भरते आणि पार मारेगावापासून लोक येतात.

यात्रेला बाईने रिकाम्या डोक्याने वर जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. पायथ्याच्या नाल्यातून एक गोटा उचलायचा, साधारण नारळाएवढा. चुंबळ करून डोक्यावर ठेवायचा, जे मागायचं ते मनात मागायचं आणि थेट वर न्यायचा. वाटेत टेकवायचा नाही. टेकवला की पुन्हा नाल्यापासून सुरुवात. वर मढीच्या मागे गोट्यांची रास असते. तिच्यावर तो ठेवायचा आणि हातातली एक बांगडी काढून त्याच्याखाली सरकवायची.

मीही नेलाय. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली ढाणकीकडे होणार अशी बातमी होती. ती टळावी म्हणून मी गोटा डोक्यावर घेतला. कशासाठी, हे मी कोणाला सांगायला नको होतं, पण जाऊबाईंनी ते माझ्याकडून काढून घेतलंच.

"बाप्पा! मायले बदलीचं काय समजते वं? लेकरू माग, पानी माग, हे काय कागदपत्राचं!"

बदली टळली. तर त्याचं श्रेयही त्यांनीच घेतलं. म्हणाल्या, "मीनंच मायले नीट समजावून सांगतलं, मंग झालं तुयं काम."

आता त्या गोष्ट सांगण्याविषयी. नैवेद्य झाला की बाया कमानीखालच्या पायऱ्यांवर बसतात आणि आमच्या घरची एक बाई गडाची गोष्ट सांगते. सासूबाई सांगत, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. मान मोठ्या सुनेचा. मी धाकटी. मी पदवीधर, डी.एड. झालेली, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवलेली. जाऊबाईंची शाळा दुसरीतच सुटली. पण मान मोठ्या सुनेचा.

त्यांची गोष्ट अशी. शत्रूने गडाला वेढा घातला, टाक्यातलं पाणी आटलं. तेव्हा बाया घागरी घेऊन नाल्यावर उतरल्या. शत्रूच्या शिपायांनी बायांना अडवलं नाही, पण भरलेल्या घागरी मात्र फोडल्या आणि हसले. बाया रडल्या नाहीत. रिकाम्या डोक्याने परत जायचं नाही म्हणून प्रत्येकीने नाल्यातला एकेक गोटा उचलला आणि वर आणून भिंतीच्या खिंडारात रचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घागरी, पुन्हा गोटे. शेवटी राजा पळाला, शिपाई पळाले, गड पडला. पण बायांनी बुजवलेल्या खिंडारातून कोणी मढीपर्यंत पोचू शकलं नाही.

यात पुरावा काडीचा नाही. पण जाऊबाई "फोडल्या आन् हासले" असं म्हणून थांबतात ना, तेव्हा पायऱ्यांवर लेकरूसुद्धा हलत नाही. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, माझ्या वर्गात मागच्या बाकावर कोणी ना कोणी हलायचंच. मला हेवा वाटायचा. त्या थांबायच्या त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हे मी मनात म्हणून बघायची, आणि माझ्या मनातसुद्धा ते जमायचं नाही.

माझी मुलगी लहानपणी झोपताना "मोठीमाय, गोष्ट" म्हणून त्यांच्या अंथरुणात जायची. मी तिला राजांच्या वंशावळी सांगू पाहायचे, ती जांभई द्यायची. आता ती पुण्याला असते. फोन करते, माझी तब्येत विचारते, आणि मग म्हणते, "मोठीमायला दे ना जरा." जरा म्हणजे अर्धा तास.

आणखी एक प्रसंग सांगते म्हणजे माझी बाजूही कळेल. नागपूरकडच्या दोन मुली कसल्याशा अभ्यासासाठी आल्या होत्या, लोकांच्या तोंडच्या गोष्टी जमवत होत्या. मी त्यांना माझी वही दाखवायला काढली. तीन वर्षं खपून मी गडाचा इतिहास लिहिला होता, पावलांनी मोजलेल्या मापांसकट, नकाशासकट. त्यातल्या एकीने वही हातात घेतली, दोन पानं उलटली, "छान अक्षर आहे हो तुमचं," म्हणाली आणि मोबाइल जाऊबाईंपुढे धरला. पावणेदोन तास. त्या वेळात दोनदा चहा लागला, आणि तो मी केला. दुसऱ्यांदा मी साखर कमी टाकली. मुद्दाम. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी गडाच्या पायथ्याला माहितीचा फलक लावायचं ग्रामपंचायतीने ठरवलं. सरपंच माझाच विद्यार्थी. तो घरी आला तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत होतो. त्याने वाकून दोघींना नमस्कार केला आणि पहिल्यांदाच त्या ओसरीवर कोणीतरी माझ्याकडे तोंड करून बसलं.

"मॅडम, इतिहास तुम्हीच लिहा. खाली तुमचं नाव टाकू, संशोधन आन् लेखन म्हणून. बोर्डावर काही गोष्टी चालत नाही, पक्की माहिती पायजे."

काही गोष्टी चालत नाही, हे तो जाऊबाईंसमोर बोलला. मला इतका आनंद झाला की मी तुरीतले खडे डाळीत आणि डाळ खड्यांत टाकायला लागले. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि सगळं पुन्हा निवडलं.

मी जोरात कामाला लागले. टेप घेतला, ह्यांना दुसरं टोक धरायला लावलं, आणि गड मापून काढला. भिंत मापली, कमान मापली, टाकं मापलं. मढीच्या मागे, हल्लीच्या राशीपासून दहाबारा पावलांवर, पुरुषभर उंचीचा एक गोल ढिगारा आहे. वर गवत, निंब उगवलेला, बाहेरून मातीने लिंपल्यासारखा. मला पहिल्यापासून वाटत होतं की हा बुरूज. ढासळलेल्या जागेतून आत गोल गोटे दिसत. भिंतीचे दगड घडीव, काळे. हे गोटे गुळगुळीत, नाल्यातले. मी लिहिलं: "गडाचा एकमेव शिल्लक गोल बुरूज. आतील गोटे चढून येणाऱ्या शत्रूवर वरून लोटण्यासाठी साठवलेले असावेत." हे वाक्य सुचलं तेव्हा मी ह्यांना हाक मारून दोनदा वाचून दाखवलं. माझ्या उभ्या वहीत एवढं चांगलं वाक्य नव्हतं.

मजकूर पुरा झाला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मलेही वाचून दाखव ना वं मास्तरीण."

मी वाचला. त्या ऐकत होत्या, हात सुपात चालू होता. बुरुजापाशी आले आणि हात थांबला.

"तो बुरूज नोहे. ते रास हाय."

"कसली रास?"

"बायाईची. गोट्याची. आपल्या आजसासूच्या वक्ताले भरली. रास पुरुषभर झाली का भरली म्हनाची, मंग तिले मातीनं लिंपून घेतेत आन् बाजूले नवी मांडतेत. सासूबाईनं दाखवली होती मले."

"पुरावा काय याला?"

"पुरावा?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अवं, सासूनं सांगतलं ना."

"बाई, फलकावर असं चालत नाही," मी म्हणाले. सरपंचाचंच वाक्य मी त्यांना परत दिलं आणि ते देताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्यांनी खांदे उडवले आणि सूप पुन्हा हलू लागलं.

पण मास्तरकी केलेल्या माणसाला शंका चैन पडू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वर गेले. ढासळलेल्या जागी हात घालून एक गोटा हलवला. घट्ट होता. दुसरा हलवला, तो सुटला. त्याच्याखाली मातीत बांगडीचा तुकडा होता. हिरवा, जाड काचेचा, तसल्या बांगड्या आता मिळतही नाहीत. तिसरा गोटा काढला, त्याच्याखाली दुसरा तुकडा. एक तर अख्खी होती, लहान मनगटाची, एखाद्या नव्या नवरीची असेल.

मी तिथे किती वेळ बसले माहीत नाही. जे कळायचं ते कळलं होतं. इतिहास शिकवणारीला याहून मोठं काय सापडायचं? गावातल्या किती बायांचं मागणं त्या ढिगाऱ्यात होतं, त्यावर मी एक नवी वही लिहू शकले असते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हा बुरूज नसेल तर गडावर माझं असं काहीच उरत नाही. भिंत सगळ्यांना दिसते, कमान सगळ्यांना दिसते, आणि बाकीचा सगळा गड जाऊबाईंचा. बुरूज तेवढा मी शोधला होता.

मी बांगडी परत ठेवली, गोटे जसेच्या तसे बसवले, फटीत माती दाबली आणि खाली उतरले. वाटेत कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मात्र मी पाठ करून ठेवलं होतं.

घरी येऊन मजकुरात मी बदल केला, पण तो उलटा. शेवटी एक ओळ वाढवली: "प्राचीन बुरुजाच्या परिसरात दगड रचू नयेत." का वाढवली? बुरुजाचं रक्षण व्हावं म्हणून, असं मी ह्यांना सांगितलं. खरं म्हणजे दहा पावलांवरची ती नवी रास मला डोळ्यांपुढे नको होती. ती राहिली तर कधी ना कधी कोणीतरी दोन्ही ढिगाऱ्यांकडे एकदम बघणार होतं.

दिवाळीनंतर फलक लागला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, खाली माझं नाव. माझ्यासोबतच्या निवृत्त शिक्षकांनी हार आणला, फोटो झाले. जाऊबाई आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. त्यांना वाचता येत नाही, तरी फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुयं नाव कोंतं यातलं?" मी बोट लावून दाखवलं. त्यांनी त्यावर हात फिरवून पाहिला. रंग ओला नाही ना हे बघत असतील, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

त्यानंतर रविवारी रविवारी मोटरसायकलवाली पोरं यायला लागली. बुरुजावर चढून फोटो काढायची. मी कधी कधी संध्याकाळी फिरायला म्हणून पायथ्यापर्यंत जायची आणि कोणी फलक वाचतंय का ते दुरून बघायची. कोणी वाचत असलं की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

हिवाळ्यात तालुक्याच्या एका कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर गावात उतरलं. पोरापोरींनी आठवडाभर मनापासून काम केलं. टाक्यातला गाळ काढला, झाडोरा कापला. गडाची वाट पावसाने खचली होती, तिच्यात भर घालायला त्यांना दगड हवे होते. फलक त्यांनी वाचला होता. बुरुजाच्या परिसरात रचलेले दगड नकोत, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं. त्यांनी मढीच्या मागची रास उचलली आणि वाटेत भरली.

गावाला हे कळलं ते होळीनंतर, बाया मढी सारवायला वर गेल्या तेव्हा. अर्ध्या वाटेवर एका म्हातारीला पायाखाली ओळखीचा गोटा दिसला. कसा ओळखला म्हणाल, तर त्याला पांढरी रेघ होती आणि तिने तो लेकाच्या दुखण्यात नेला होता. ती तिथेच खाली बसली. मागच्या बाया खाली बघू लागल्या, आणि मग त्या वाटेवर पाय ठेवायला एकही तयार होईना. काट्याकुट्यातून, कडेकडेने सगळ्या परत उतरल्या. मी काय मागितलं होतं ते आठवा, माझाही गोटा त्यातच कुठेतरी होता. त्याच्यावरून मोटरसायकलवाल्या पोरांचे बूट गेले होते. बदलीचा का होईना, पण गोटा तो गोटाच.

ग्रामसभा भरली. एवढ्या बाया मी ग्रामसभेला कधी पाहिल्या नव्हत्या. सरपंच बिचारा घामाघूम झाला. शिबिरातल्या पोरांचा दोष नाही, त्यांनी बोर्ड वाचला, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कोणीतरी उठलं.

"मॅडम, आमची आजी म्हनत होती का ते मोठी बी रासच हाय, बुरूज नोहे. तुमाले बुरूज म्हनून कोनं सांगतलं?"

मी उभी राहिले. मी काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं असं मला वाटायला आवडतं. पण मी तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगेतून जाऊबाई बोलल्या, उठल्यासुद्धा नाहीत.

"मीनं सांगतलं. मीनंच म्हनलं तिले, बुरूज हाय म्हनून. मले वाटलं तसं. मायी चुकी झाली."

सभेत चुळबुळ झाली. ज्या बाईच्या शब्दावर अख्खी यात्रा बसून राहायची, तिने चूक कबूल केली होती. "वय झालं आता त्यायचं," कोणीतरी म्हणालं, दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. गोटे वाटेतून काढून परत वर न्यायचे, फलकावरची शेवटची ओळ पुसायची, असं ठरलं आणि सभा उठली. मी उभीच होते. मग बसले.

घरी जाताना आम्ही दोघीच होतो. हनुमानाच्या पाराशी आलो आणि मला राहवेना.

"बाई, खोटं काहून बोलल्या?"

"कुठं?"

"तुम्ही तर मला रास म्हणून सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. चालताना त्यांच्या गुडघ्यांतून आवाज येतो, तो येत होता. "तुयापाशी तेवढंच होतं ना वं मास्तरीण. त्या बोर्डावरचं नाव. तेही पुसलं असतं त्यायनं."

मला राग आला. खरंच सांगते, आभार नाही, रडू नाही, राग आला. त्यांना माझ्याविषयी सगळं माहीत होतं. मी फलकाकडे फिरायला जाते हे माहीत होतं, जेवण गोड लागतं हे माहीत होतं, माझ्याजवळ किती कमी आहे हे तर माझ्याआधी माहीत होतं. मी आयुष्यभर त्यांच्यावर जळले आणि त्यांनी मला एवढा वेळ नुसतं सांभाळून घेतलं, जसं घरातल्या हट्टी लेकराला घेतात. चूक तेवढी माझी होती, पुरती माझी, तीही त्यांनी उचलून डोक्यावर घेतली.

चैत्री पौर्णिमा आली. गोटे परत राशीवर गेले होते, नवेही आले. नैवेद्य झाला. बाया पायऱ्यांवर बसल्या, पण जाऊबाईंच्या भोवती नाही, अशाच इकडे तिकडे. जाऊबाई पळसाच्या पानांवर घुगऱ्या वाढत होत्या आणि कोणी बोलावण्याची वाट बघत नाही असं दाखवत होत्या. तेवढ्यात शेजारची एक सून म्हणाली, "मॅडम, यंदा तुम्हीच सांगा ना. त्यायले आता काई नीट आठवत नाही."

तीस वर्षं मी याची वाट पाहिली होती. उठले. पदर सावरला. "हा गड कोणत्या काळात बांधला गेला याविषयी मतभेद आहेत," अशी सुरुवात केली. आवाज वर्गातलाच निघाला. भिंतीची लांबी सांगितली, कमानीची रुंदी सांगितली. पहिल्या पायरीवरच्या दोघींनी मोबाइल काढला. एक लेकरू उठून टाक्याकडे पळालं आणि त्याच्या मागे त्याची आई गेली. जाऊबाई खाली बघून घुगऱ्या वाढत होत्या, आणि मला दिसलं की त्या माझ्यासाठी कासावीस झाल्या आहेत. मी फजित होऊ नये म्हणून. तेवढं मात्र मला सोसेना.

"तो बुरूज नाही," मी म्हणाले. "ती रासच आहे. बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मग मी वर येऊन गोटा काढून पाहिला, त्याच्याखाली बांगडी निघाली. मी ती परत ठेवली आणि बुरूज म्हणून लिहिलं. ग्रामसभेत बाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. त्यांना सगळं आठवतं."

मोबाइल खाली गेले. एवढी शांतता मला आयुष्यात कोणत्याही वर्गात मिळाली नव्हती. ती चार-सहा श्वास टिकली असेल. मग सगळ्या बाया एकदम जाऊबाईंकडे वळल्या, सरकत सरकत त्यांच्या पुढ्यात जाऊन बसल्या, आणि माझ्यापुढच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या.

जाऊबाईंनी पळीचा हात पुसला. माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट खाली बसले.

त्यांनी घागरींपासून सुरुवात केली. फोडल्या आणि हसले, तिथे थांबल्या. खिंडार बुजलं, गड पडला, मढी राहिली. मग आजसासूच्या काळात रास भरली. दरवर्षी गोष्ट इथे संपते. त्या दिवशी संपली नाही.

"मंग आमच्या घरी एक मास्तरीण आली," त्या म्हणाल्या. "लय शिकेल. तिनं टेप आनला आन् अख्खा गड मोजला. नवऱ्याले दुसरं टोक धरून उन्हात उभं केलं. आन् मढीमागं पाह्यते त काय, एक नवाच बुरूज! राजाले सापडला नाही, दुश्मनाले सापडला नाही, आमच्या मास्तरनीले सापडला."

बाया हसायला लागल्या. हे उन्हात कसे उभे होते ते जाऊबाईंनी उठून करून दाखवलं. मग आवाज उतरवला आणि मी एकटी वर गेले ते सांगितलं, गोटा काढला ते सांगितलं, खाली बांगडी निघाली ते सांगितलं, आणि तिथे थांबल्या. बरोबर तिथेच. मला ती बांगडी पुन्हा माझ्या हातात दिसली. मी ते सगळं स्वतः केलेलं होतं, आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं होतं, आणि तरी पुढे काय होतं म्हणून मी मान उंच करून ऐकत होते.

गडाच्या इतिहासात आपलं नाव लागावं म्हणून मी काय काय केलं. फलकावरचं सोडलं तर नाव लागलं नाहीच, कारण जाऊबाई मला मास्तरीण म्हणतात, गोष्टीतही मास्तरीणच. पण लागले मी, त्यांच्या तोंडून.

यंदाच्या यात्रेत त्यांनी त्यात मी बांगडी बघून रडले असंही घातलं. मी रडले नव्हते. पण बाया डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि मला माझ्याच त्या न आलेल्या रडण्याचा हेवा वाटला.